मोरजुव्याच्या अलीकडे

सांताक्रूझ ते सावंतवाडी

मालवणच्या बाजूला जाणारा मुंबईकर बोटीने जातो. डेकवर सतरंजी पसरतो, शेजारच्या कुटुंबाशी डबे वाटून खातो आणि उतरेपर्यंत अर्ध्या जिल्ह्याची ख्यालीखुशाली त्याला कळलेली असते. मी विमानाने बेळगावला गेलो आणि तेथून मोटारीने घाट उतरलो. याचे कारण हौस नव्हते, रजा कमी होती. परतीचे तिकीट मी जातानाच काढून ठेवले होते.

मोरजुवा हे कालावलच्या खाडीतले बेट. खाडीतल्या अशा बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. आमच्याकडे, असे मी लिहिले खरे. वस्तुतः माझा तेथे जन्म झाला, एवढाच संबंध म्हणायला हवा. शाळेच्या वयात मी मुंबईला आलो आणि पुढे वर्तमानपत्राच्या नोकरीला लागलो. तेथले माड, मधली थोडी भातजमीन, देऊळ आणि तीसेक घरे मला आठवत होती ती एखाद्या जुन्या छायाचित्रासारखी, माणसे वगळून.

काकीची तार आली: ‘दादाची वाचा गेली. पळण सुरू. गाऱ्हाण्यास ये.’

वाचकांना याचा उलगडा करायला हवा. या भागातल्या काही गावांत गावपळण नावाची चाल आहे. ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळे गाव गाव सोडते. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, कोणी मागे राहायचे नाही. तीन रात्री वेशीबाहेर काढायच्या आणि चौथ्या सकाळी पुन्हा कौल मागायचा. देव हो म्हणाला तर घरी परतायचे, नाही म्हणाला तर तेथेच थांबायचे. कौल मागण्याआधी सगळ्या गावाच्या वतीने देवाला उभ्याने विनवणी करावी लागते. ते गाऱ्हाणे. मोरजुव्यावर ते घालण्याचा मान आमच्या घराचा आहे. आजोबांच्या मागे काकांनी घातले, काकांच्या मागे माझा चुलत भाऊ दादा, काकीचा मुलगा, घालत आला. दादाला दिवाळीनंतर पक्षाघात झाला. त्याचा मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी आहे. जहाजावर चढण्याआधी तो आमच्या घरी दोन दिवस राहून गेला होता. माझी रात्रपाळी असल्यामुळे भेट ओझरती झाली. तो आता कोणत्या समुद्रावर होता ते कोणालाच सांगता आले नसते. घराण्यात पुरुष उरलो मी.

लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे चार वाक्ये बोलणे अवघड जाणार नाही, असे मी धरून चाललो होतो.

डकोटा विमान जमिनीवर उभे असताना शेपटीकडे उतरते असते; जागेपर्यंत चढण चढून जावे लागते. उड्डाणाआधी हवाईसुंदरी एक तबक घेऊन फिरली. त्यात पेपरमिंटच्या गोळ्या आणि कापसाचे बोळे होते. गोळी चघळायची आणि कापूस कानात घालायचा, म्हणजे दडे बसत नाहीत. शेजारच्या व्यापाऱ्याने मूठभर गोळ्या उचलल्या. ते पाहून मीही तीन-चार घेतल्या आणि खिशात टाकल्या. खालून सह्याद्री सरकत होता. वरून तो कोणी तरी दुमडून ठेवलेल्या घोंगडीसारखा दिसतो.

बेळगावहून सुटणाऱ्या मोटारीत माझ्या शेजारी वेंगुर्ल्याची एक बाई होती. काजूच्या कारखान्यात काम करणारी. काजूच्या तेलाने तिची बोटे काळी पडली होती. ती कंडक्टरशी आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याशी मालवणीत भांडत आणि हसत होती. माझ्याकडे वळली तेव्हा भाषा बदलली.

‘आपण कुठून आलात?’

‘मुंबईहून. विमानाने.’

‘इमानान?’ आश्चर्याने ती पुन्हा आपल्या बोलीवर आली. ‘वांती नाय जावक?’

‘नाही.’

‘मगे हयसर जातली. घाट आसा.’

आंबोलीचा घाट अर्धा उतरलो आणि तिचे म्हणणे खरे झाले. तिने माझा कोट धरला, खिडकीशी जागा करून दिली आणि पिशवीतून कोकमाचे एक सुके सोल काढून माझ्या हातावर ठेवले.

‘ह्या तोंडात धरा. गिळू नकात. गाव खंयचा तुमचा?’

‘मालवणच्या बाजूला आहे,’ मी म्हणालो.

‘मालवणच्या बाजूक,’ तिने माझे शब्द आपल्या बोलीत फिरवून पाहिले आणि मग म्हाताऱ्याला म्हणाली, ‘आयकलास आबानु? गावाक नाव नाय तेच्या.’

सबंध मोटार हसली. मी सोल चघळत राहिलो. गावाचे नाव सांगायला तेव्हाही हरकत नव्हती. पण हसे झाल्यावर सांगणे मला अवघड गेले आणि सावंतवाडीपर्यंत मी ते सांगितले नाही.

खाडीकाठ

दुसऱ्या दिवशी दुपारी एका फाट्यावर मोटारीने मला सोडले. तेथून काजूच्या बागेतून पायवाट खाडीवर उतरते. उतारावरूनच आवाज ऐकू येऊ लागले: ढोलकी, गुरांच्या घंटा, कोणी तरी कोणाला तरी पत्त्यांच्या डावात खोटे ठरवत होते. काठावर माडाच्या झापांच्या तीस-चाळीस खोपी उभ्या होत्या. झाडांच्या फांद्यांना पाळणे टांगलेले, दगडांच्या चुलींवर मडकी, वाळूत कोंबड्यांच्या पाट्या. मुंबईत दूध आणायला खाली जाताना मी दाराला कुलूप लावतो. येथे एक सबंध गाव घरे उघडी टाकून आले होते आणि पत्ते खेळत होते.

पाण्यापलीकडे मोरजुवा दिसत होता. मधले पाणी फार नाही, हाक पोचेल एवढे. माड हलत होते, कौले दिसत होती, देवळाचा कळस दिसत होता. एकाही घरातून धूर निघत नव्हता. इतके जवळ आणि इतके निर्मनुष्य असे काही मी पूर्वी पाहिले नव्हते.

‘कोण तो? बाळू काय रे?’

काकी डोळ्यांवर हात आडवा धरून उभी होती. मी हात जोडले.

‘नमस्कार कसलो करतंस लांबसून? जवळ ये, मेल्या. सुकलंस रे.’ तिने माझा चेहरा चाचपला आणि मग हातातल्या एका छोट्या बॅगेकडे पाहिले. ‘सामान मागसून येता?’

‘एवढेच आहे.’

मुंबईहून गावी येणारा माणूस, मग तो गिरणीतला असो की गोदीतला, पोरांसाठी खाऊ, घरासाठी चहापूड, म्हाताऱ्यांसाठी काही तरी घेऊन येतो. हे मला माहीत नव्हते असे नाही. गडबडीत राहून गेले. पोरे भोवती जमली होती आणि बॅगेकडे पाहत होती. मी खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या. गोळ्या चार होत्या. पोरे किती होती ते मी मोजले नाही.

काकीने त्या माझ्या हातातून घेतल्या, फडक्यात गुंडाळून दगडाने ठेचल्या आणि प्रत्येक पोराच्या जिभेवर चिमूट चिमूट घातली.

‘इमानातलो खाऊ आसा. चावू नकात, चघळा.’

पोरांनी तोंडे मिटून गांभीर्याने चघळले. एका मुलीने शेवटी फडके चाटले.

दादा वडाच्या मुळाशी बाजल्यावर टेकून बसला होता. तोंडाची उजवी बाजू खाली ओढलेली, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. मला पाहताच त्याच्या गळ्यातून आवाज निघाला, पण त्याचा शब्द झाला नाही. मग तो थांबला आणि डोळ्यांनीच बस म्हणाला. या माणसाचा आवाज एके काळी पाणी ओलांडून जात असे. मी त्याच्याजवळ बसलो आणि भोवतीच्या माणसांना विचारले, ‘उद्या किती वाजेपर्यंत आटोपेल? परवा सकाळी मला निघायला हवे. विमान आहे.’

उत्तर तारी हसन याने दिले. मोरजुव्याची होडी तो चालवतो. त्याचेही घर बेटावरच आहे आणि पळणीत त्याचीही बायकापोरे, शेळ्या, सगळे अलीकडे आले होते. त्यात काही विशेष आहे असे तेथे कोणालाच वाटत नव्हते.

‘देवाक इचारूक होया,’ तो म्हणाला. ‘तेच्या हातात घड्याळ नाय.’

एक-दोघे हसले. मग एक वयस्क गृहस्थ मला शुद्ध भाषेत म्हणाले, ‘आपली अडचण आम्ही समजू शकतो.’ मामलेदार कचेरीत बोलतात तसे ते बोलले. त्यानंतर माझ्याशी सगळेच तसे बोलू लागले.

पेज आणि भाजलेला सुका बांगडा घेऊन दादाची सून आली. पोट पुढे आलेले, दिवस भरलेले. तिने पान माझ्यापुढे ठेवले, एक हात कमरेवर टेकून क्षणभर उभी राहिली आणि विचारले, ‘अजून वाढू?’ पेज उकड्या तांदळाची, वर खोबऱ्याचा चुरा. बांगडा इतका खरपूस होता की मी दोन वेळा मागून घेतला. ती दोन्ही वेळा चुलीपासून चालत आली. मी तिला सूनबाई म्हणालो.

ती गेल्यावर काकीने आवाज खाली आणून खरी अडचण सांगितली. सुईण सकाळीच पाहून गेली होती. मूल कधीही होईल म्हणाली होती. गाऱ्हाण्याआधी मूल झाले तर घराला सोयर लागेल. सोयरात दहा दिवस देवाचे काही करता येत नाही. भावकीतला म्हणून मलाही येणार नाही. गाऱ्हाणे नाही तर कौल नाही, आणि कौल नाही तर गाव त्या उघड्या काठावर आणखी दहा दिवस अडकून पडणार. बरोबर आणलेले तांदूळ संपत आले होते.

‘नि तिका खोपीत बाळंत करूची माझी इच्छा नाय,’ काकी म्हणाली. ‘हयसर वारो बघतंस मा? घरात चूल आसा, दार आसा. उद्या सकाळीच काय ता कर. चुकू नको.’

तिने मला गाऱ्हाणे शिकवायला सुरुवात केली. ती दोन शब्द सांगे, मी पुढचे विचारी. मला सबंध मजकूर हवा होता. दादा शेजारी बसून ऐकत होता आणि त्याचा डावा हात मांडीवरून उचलला जाऊन पुन्हा पडत होता. परत उचलला जाई, परत पडे. रोगाने हाताला कंप आला असावा असे मी समजलो आणि त्याला त्रास होऊ नये म्हणून काकीला म्हणालो, ‘पुरे आता. मला समजले.’

रात्री मला सगळ्यांत चांगली खोप दिली. पेंढा जाड, झापे दुहेरी, वारा अजिबात नाही. झोप उत्तम लागली. सकाळी चटई गुंडाळताना कडेला हातभर लांबीची एक गोधडी सापडली, नव्या टाक्यांची. मी कोणाच्या जागेवर झोपलो होतो ते तेव्हा लक्षात आले. बाहेर आलो तर ती चुलीपाशी झापांच्या एका आडोशात बसली होती आणि सुईण तिची पाठ चोळत होती.

राखणदारापुढे

वडाखाली शेंदराचा एक पाषाण आहे. तो राखणदार, गावाची वेस त्याच्यापाशी संपते. गुरवाने त्याला पाणी घातले, फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या. उजवी पाकळी आधी पडली म्हणजे देव हो म्हणाला. पण पाकळ्यांकडे पाहायचे ते गाऱ्हाण्यानंतर. सगळे गाव उभे राहिले. दादाला दोघांनी धरून बाजल्यावर बसवले. काकीने माझ्या हातात नारळ दिला आणि ‘घी नाव देवाचा’ म्हणाली.

मी बोललो. काय बोललो ते जसेच्या तसे देणे भाग आहे:

‘हे देवा, मोरजुवा येथील सर्व ग्रामस्थ प्रथेप्रमाणे तीन दिवस गावाबाहेर राहिले आहेत. काही कुटुंबांना अडचणी आहेत. ग्रामस्थांना परतण्याची इच्छा आहे. तरी योग्य तो कौल मिळावा, अशी विनंती आहे.’

आवाज स्पष्ट होता, वाक्ये निर्दोष होती. बोलून झाल्यावर मी नारळ पुढे धरला. एक वासरू हंबरले.

‘संपला?’ हसनने विचारले.

‘ह्या काय?’ मागून कोणी तरी म्हणाले. ‘तालुक्याक अर्ज धाडल्यान.’

‘खाली सही करूची रवली.’

हशा पिकला आणि लगेच विरला. गुरव पाकळ्यांसमोर आडवा उभा राहिला. ‘ह्येच्यार मी कौल लावचो नाय,’ तो म्हणाला. ‘देव कोणाक देतलो? ग्रामस्थांका? ग्रामस्थ कोण?’

‘आमका व्हय म्हणाक थांबलंस खंय तू?’ काकीने मला विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

आडोशातून एक दाबलेला कण्हण्याचा आवाज आला. सगळ्यांनी तो ऐकला. सगळ्यांनी तो ऐकला नाही असे दाखवले.

मी दादाकडे पाहिले. त्याचा डावा हात मांडीवरून वर गेला आणि तेथेच थांबला. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. कंप वगैरे काही नव्हते. आदल्या संध्याकाळभर तो मला कोठे बोलायचे आणि कोठे थांबायचे ते शिकवत होता आणि मी त्याला आजार म्हणून बाजूला सारले होते. हात वर आहे तोवर मी बोलायचे. हात पडला की गावाने बोलायचे.

‘बा देवा राखणदारा, म्हाराजा,’ मी सुरुवात केली.

हात पडला.

‘व्हय म्हाराजा!’ गाव म्हणाले. पलीकडच्या माडांवरून पक्षी उडाले.

‘तीन राती तुझी लेकरा उघड्यार निजली.’

‘व्हय म्हाराजा!’

‘तुया सांगलंस म्हणान घरा सोडली, चुली इझवल्यो, गुरा-ढोरा घेवन इली.’

‘व्हय म्हाराजा!’

माझी मालवणी अडखळत होती, मध्येच पुस्तकातला एखादा शब्द येत होता. पण गाव आता प्रत्येक वाक्य उचलून घेत होते. दादाचा हात जड झाला होता. तरी तो वर जात होता. जमल्यासारखे वाटले तोच काकी माझ्या कानाशी पुटपुटली, ‘अवघडली हा तिचा नाव घी. ज्येचा दुखणा तेचा नाव.’

‘आमच्या घरातली लेक,’ मी म्हणालो, ‘आमच्या घरातली सून...’

हात वरच राहिला. गाव थांबले.

मला तिचे नाव माहीत नव्हते. तिच्या नवऱ्याने माझ्या घरी दोन दिवस काढले होते. तिने मला वाढले होते, तिच्या खोपीत मी झोपलो होतो. कचेरीत नवखा बातमीदार नावाशिवाय मजकूर आणतो तेव्हा मी तो न वाचता परत करतो आणि नाव आण म्हणतो.

‘तिचे नाव काय?’ मी काकीला हळू विचारले. इतक्या शांततेत हळू बोलून काही उपयोग नव्हता. काकीने कपाळाला हात लावला. गुरवाने मान दुसरीकडे वळवली. बायका माझ्याकडे पाहत होत्या आणि मी हातातल्या नारळाकडे.

तेव्हा झापांच्या आडोशातून, दोन कळांच्या मधल्या उसंतीत, ती स्वतःच ओरडली:

‘शेवंता! शेवंता म्हणान सांगा, काकानु, नि बेगीन सांगा!’

आधी बायका हसल्या, मग सगळे गाव. सासऱ्यांसमोर, देवासमोर, असे ओरडलेले मोरजुव्यावर कोणी ऐकले नव्हते. दादाच्या तोंडाची डावी बाजू हसली.

‘शेवंता,’ मी मोठ्याने म्हणालो. ‘आमची शेवंता अवघडलेली आसा. तिका सुखान घराक पोचव, सुखान मोकळी कर रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा!’ एवढा मोठा होकार त्या सकाळी दुसऱ्या कशाला आला नव्हता.

तिच्यामागून दादाचे नाव घेतले, त्याच्या जहाजावरच्या मुलाचे घेतले. तेही काकीने सांगितल्यावर. मग घराघरांची नावे. काकी एक एक कानात सांगत गेली आणि मी ते पुढे देत गेलो. संपले असे वाटून मी नारळ पुढे केला. दादाचा हात पुन्हा वर गेला आणि खाली येईना.

‘तुझा रवला,’ काकी म्हणाली. ‘शेवटाक तुझा असता.’

मी नारळ पुन्हा छातीशी घेतला. स्वतःला मजकुरात आणायचे नाही, हा नियम मी वीस वर्षे पाळला आहे. पण तेव्हा मी अडलो त्याला तो नियम कारण नव्हता. शेवटी हसनच म्हणू लागला, त्याच्या पाठोपाठ गुरव, मग पुष्कळ जण, दादाच्या जुन्या चालीवर, सगळ्यांना पाठ असल्यासारखे:

‘मुंबयक आसा तो बाळू, तेची बायल सुधा, झील अरुण, चेडू कुंदा, तेंका खंय आसती थंय बरा ठेव रे म्हाराजा!’

त्यांना ते खरोखरच पाठ होते. देवळात दरवर्षी दादा गाऱ्हाणे घाली त्याचा शेवट असा होत असे, हे मला नंतर हसनने सांगितले. माझी मुले त्यांच्यापैकी कोणी पाहिलेली नाहीत.

हात पडला. ‘व्हय म्हाराजा!’ म्हणणाऱ्यांत तेवढ्या वेळी मी नव्हतो. मी खाली पाहत होतो.

उजवी पाकळी आधी पडली.

मोरजुवा

पहिल्या होडीत शेवंता, सुईण आणि काकी गेल्या. हसनने नेहमीची विनोदी बडबड बंद ठेवून, पाण्यावर ओरखडा उठू नये अशा बेताने वल्ही मारली. मागाहून गुरे पोहत निघाली. फक्त शिंगे आणि नाकपुड्या पाण्यावर. मग भांडी, पाट्या, पाळणे, शेळ्या, पोरे. होड्या दुपारपर्यंत येजा करत राहिल्या. शेवटच्या फेरीला दादा, मी आणि पाण्याला घाबरणारा एक कुत्रा उरलो. दादाला मी खांद्यावर आधार देऊन होडीत उतरवले. तो पलीकडे बोट करून मला दाखवत होता: एका कौलातून धूर निघाला होता, मग दुसऱ्या. आमच्या घराचा सगळ्यांत जाड होता; पाणी तापत होते.

उन्हे कलली तेव्हा शेवंताला मुलगी झाली. घराला सोयर लागले आणि त्याबरोबर मलाही. त्यामुळे मोरजुव्याचे देऊळ मला आतून पाहता आले नाही. ते कसे आहे याची माहिती या लेखात नाही.

सकाळी निघताना काकी दारात आली. तिने बॅगेत नारळ कोंबले, आमसुले कोंबली, सुक्या बांगड्यांची एक पुरचुंडी वर ठेवली. आतून बाळाचा आवाज येत होता.

‘इमान चुकाचा नाय मा?’

‘नाही चुकणार.’

‘सुधाक घेवन ये. नि कुंदाचो कान बरो झालो?’

‘कुंदाचा कान?’ मी विचारले.

‘दादाचो झील रवलो होतो मा तुमच्याकडे,’ काकी म्हणाली. ‘तेणा कळवल्यान. रात्रभर रडी होती म्हणे पोर. दादान तेवा देवाक नारळ बोललो, वाचा होती तोपर्यंत. बरो झालो ना?’

‘बरा आहे,’ मी म्हणालो.

हसनने खाडी पार करून दिली. घाट चढताना काही झाले नाही. विमानात तबक फिरले तेव्हा मी गोळ्या घेतल्या नाहीत. कापसाचे बोळे तेवढे दोन घेतले आणि हातात धरून बसलो.

घरी पोचलो तेव्हा दार कुंदाने उघडले. तिच्या उजव्या कानात कापूस होता.